मुठीतला तळ

कुंदा, मेथीची अर्धी जुडी निवडायची राहिली होती. निवडलेली पानं परातीत, देठं वर्तमानपत्रावर आणि मधे तुझा चष्मा. शेजारच्या काकूंनी दार उघडून दिलं तेव्हा मी आधी ते बघितलं आणि मला वाटलं, तू हात धुवायला आत गेली असशील. "कुंदा, आले गं मी," अशी हाकसुद्धा मारली. तुला त्याआधीच हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. काकू मागून मला तेच सांगत होत्या आणि मी मात्र तुझ्या स्वयंपाकघरात डोकावून बघत होते.

आज चौदा दिवस झाले. भेटायला येणारी माणसं म्हणतात, बसल्या जागी गेली, कुणाला त्रास दिला नाही, पुण्यवान होती. मला त्यांना हाताला धरून बाहेर काढावंसं वाटतं. त्रेपन्न वर्षांची धडधाकट बाई, रोज पांडवलेणीच्या पायऱ्या चढून येणारी, गेल्या मे महिन्यात नॉर्वेच्या बर्फगार समुद्रात तळापर्यंत जाऊन आलेली, ती रविवारी सकाळी साडेअकराला मेथी निवडताना मरते? हे कुणाला पटतं? मला पटलेलं नाही. काल फोनमध्ये तुझं नाव काढून मी चक्क कॉल लावला. तुझा फोन तुझ्या दादाच्या शर्टाच्या खिशात वाजला. तो बिचारा दचकला आणि मग आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत बसलो.

त्या सकाळी नऊला तूच फोन केला होतास. "वहिनी, आज रविवार हाय. आज तुझ्या अनिकेतचा नॉर्वेवरनं फोन यील. आज तरी सांग त्याला."

मी म्हणाले, "बघते गं."

"अकरा महिने झाले, बघतेच हायेस तू." तू चिडली होतीस. तुझा आवाज चिडला की बारीक व्हायचा. मग लगेच म्हणालीस, "बरं जाऊ दे. मेथी आणलीय, दुपारी जेवायला ये." एवढंच. शेवटचं बोलणं मेथीवर संपलं आणि जे सांगायचं होतं ते माझ्या तोंडातच राहिलं.

आता ते लिहिते. तुला ते माहीतच आहे. तुझ्याशिवाय जगात कुणाला माहीत नव्हतं.

पण सुरुवात विहिरीपासून करायला हवी. मी घोटीच्या तांदूळवाल्याची मुलगी. आमच्याकडे पाऊस एवढा पडतो की चार महिने पाय कोरडा होत नाही, पण पोहायचं म्हणून कुणी पाण्यात उतरलेलं मी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन मखमलाबादच्या मळ्यात आले तेव्हा मी बावीसची, तू एकोणीसची. झेंडूची गाडी मार्केटला गेली, सासरे आणि तुझा दादा तिच्याबरोबर गेले, सासूबाई आडव्या झाल्या, की तू मला विहिरीवर न्यायचीस. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक तुझ्या हातात. नव्या नवरीला विहिरीत पोहायला शिकवतेय हे सासूबाईंना कळलं असतं तर आपल्या दोघींची धडगत नव्हती. तू म्हणायचीस, "आय झोपलीय. उठायच्या आत तुला बेडूक करते."

बेडूक झाले मी, पण वरच्यावर पोहणारा. मळ्यातल्या पोरींचा नियम वेगळा होता. बुडी मारून तळाचा चिखल मुठीत आणायचा. चिखल आणला तर तळ गाठला, नाहीतर नुसत्या गप्पा. माझे कान दुखायचे, छाती फुटायला यायची आणि मी अर्ध्यातून वर यायचे. एक दिवस वरच्या मळ्यातल्या पोरी कठड्यावर बसून खिदळत होत्या. शेहरातली वहिनी काय तळाला जातीय, असं त्यांचं चाललं होतं. घोटी त्यांच्या लेखी शहर! तू माझ्याबरोबर बुडी मारलीस, मला अर्ध्यात सोडून खाली गेलीस आणि वर येताना पाण्यातच तुझ्या मुठीतला अर्धा चिखल माझ्या हातात दाबलास. आपण दोघींनी एकदम मुठी उघडल्या. पोरी गप्प. "वहिनी पयल्याच म्हैन्यात तळाला गेली," हे तू गावभर केलंस.

कुंदा, चौतीस वर्षं मी त्या चिखलावर जगले. घरात कुणाला वाटायचं नाही की मला कशाची भीती वाटते. रात्री-अपरात्री मोटर चालू करायला मी जायचे, साप निघाला तर हाक मला. "हिला काय, ही विहिरीच्या तळाला गेलेली," असं सासूबाईसुद्धा नंतर कौतुकाने म्हणायच्या. आणि मी त्या तळाला एकदाही गेले नव्हते.

तू हरसूलच्या शाळेत खेळाची मास्तरीण म्हणून लागलीस, लग्नाचा विषय काढणाऱ्यांना हसून उडवत राहिलीस आणि दर शनिवारी एसटीने मळ्यावर यायचीस ती अनिकेतसाठी. येताना त्याच्यासाठी हरसूलच्या बाजारातून करवंदं, कधी मोहाची फुलं. मला तेव्हा पाठीचं दुखणं लागलं होतं, दोन वर्षं मी धड वाकू शकत नव्हते. माझ्या पोराला न्हाऊ-माखू तू घातलंस, त्याच विहिरीत पोहायला तू शिकवलंस. सात वर्षांचा असताना तळाचा चिखल घेऊन तो वर आला आणि तुला म्हणाला, "आत्या, मोठा झालो की तुला समुद्राचा तळ दाखवीन." त्याने ते लक्षात ठेवलं. नॉर्वेत नोकरी लागून तीन वर्षं झाल्यावर त्याने आपल्या तिघांची तिकिटं पाठवली आणि तुझ्यासाठी डायव्हिंगची वेळ ठरवून टाकली. ती त्याची तुला दिलेली भेट होती. हे मला आता जास्त टोचतं.

मी कशाला आले मधे? तूच म्हणालीस, "वहिनी नाय तर मी बी नाय." आणि मी नाही कशी म्हणणार? मी तर तळाला गेलेली.

आठवतं तुला ते सूट चढवणं? आत लोकरीचे जाडजूड कपडे, वरून तो रबरी सूट, मनगटाला आणि मानेला असा आवळलेला की गिळताना अडायचं. शिकवणारी ती सोनेरी केसांची पोरगी मला खुणेने सांगत होती की गळ्यातलं काढा, नाहीतर पाणी आत जाईल. मी मंगळसूत्राला हात लावून उभी. तुझा दादा पुढे आला, स्वतःच्या हाताने काढलं, जॅकेटच्या खिशात ठेवलं आणि खिशाची चेन ओढून घेतली. म्हणाला, "मी हाय ना हितं उभा. जा." तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "वहिनी, आपण दोघी भरलेले ग्यास सिलेंडर दिसतोय." मी एवढी हसले की त्या पोरीने घातलेली टोपी पुन्हा सरळ करावी लागली. शेवटचं खळखळून हसणं माझ्या लक्षात आहे ते हेच.

ती पोरगी आणि तिचा बाप असे दोघं आपल्याबरोबर उतरणार होते. अनिकेत एकेक वाक्य मराठीत सांगत होता. तळाला हात लावायचा नाही. एकमेकींचा हात सोडायचा नाही. आणि काहीही झालं तरी श्वास कोंडायचा नाही, तोंडातल्या नळीतून सारखा घ्यायचा, सोडायचा. तू मान डोलावलीस. मीही डोलावली. तीस-पस्तीस वर्षं अंगात भिनलेली सवय मान डोलावून जात नाही, हे आपल्या दोघींच्या लक्षात आलं नाही. विहिरीत आपल्याला एकच गोष्ट शिकवलेली, पाणी डोक्यावर आलं की दम कोंडून धर.

पाणी गालाला लागलं तेव्हा गाल भाजल्यासारखा झाला. थंडीने भाजतं हे मला माहीत नव्हतं. ओठ तर लगेच बधिर झाले, नळी तोंडात आहे की नाही ते कळेना. तरी पहिली दोन मिनिटं छान होती, खोटं कशाला बोलू. हिरवट उजेड, खालून हलणारं लांब लांब शेवाळ आणि माझ्या जाड हातमोज्यात तुझा जाड हातमोजा. मग आणखी खाली सरकलो आणि मी श्वास कोंडला. सवयीने. छाती भरून आली तशी मला खात्रीच झाली की पाठीवरच्या सिलेंडरमधली हवा संपली. तू माझा हात दाबत होतीस, श्वास घे, श्वास घे, असं दुसऱ्या हाताने छातीवर दाखवत होतीस. तुला आठवलं होतं. तेवढ्यात माझ्या चष्म्यात पाणी शिरलं, डोळ्यात सुया टोचल्यासारखं झालं आणि मी हाताला हिसका दिला.

तो हिसका मी दिला. तू धरून होतीस. मी तुझी बोटं दुसऱ्या हाताने सोडवली, कुंदा. एकेक.

त्या पोरीने मला मागून पकडून हळूहळू वर आणलं. खोकत, रडत, नाक वाहत मी काठावर आले. अनिकेत बुटासकट पाण्यात धावत आला. "आई! काय झालं? आत्या कुठंय?" तुझा दादा मागे, हातात थर्मास. दोघांचे चेहरे मला दिसले आणि त्या चेहऱ्यांत इतकी वर्षं धीट म्हणून मिरवलेली बाई मला दिसली. दात वाजत होते, तरी वाक्य नीट आलं. "तिने हात सोडला."

का म्हणाले? चौदा दिवस स्वतःला विचारतेय. मला वाटलं होतं, तू वर आलीस की हसण्यावारी जाईल. तू नेहमीच माझं निभावून न्यायचीस.

तू चांगली दहा मिनिटांनी वर आलीस. त्या पोरीचा बाप तुझ्यावर रागावला होता, तळ ढवळला म्हणून हातवारे करत होता. तुझी उजवी मूठ गच्च. तोंडातली नळी काढून तू ओरडलीस, "वहिनी, लय भारी हाय गं खाली! आपल्या विहिरीसारखंच काळंभोर!" आणि अनिकेत तुझ्यावर तुटून पडला. "आईचा हात सोडून खाली गेलीस तू? तिला काही झालं असतं तर? तळ एवढा महत्त्वाचा होता तुला?"

तू माझ्याकडे बघितलंस. कितीसं बघितलंस, डोळा मिटून उघडेपर्यंत. ओठ निळे पडले होते तुझे. मग म्हणालीस, "चुकलं रे बाबा. भान नाय राहिलं." आणि माझ्याजवळ येऊन बसलीस आणि मुठीतली अर्धी करडी वाळू, दोन शिंपल्यांच्या तुकड्यांसकट, माझ्या हातमोज्यावर ठेवलीस. "धर वहिनी. तू बी गेलीस तळाला."

मी ती घेतली. पोरासमोर घेतली. तेव्हा तरी बोलायचं होतं.

उरलेले नऊ दिवस अनिकेत तुझ्याशी कामापुरतं बोलला. तुझ्या ताटात वाढायचा, बसमध्ये जागा द्यायचा, पण "आत्या" म्हणून गळ्यात पडणारा पोरगा पुन्हा दिसला नाही. इकडे आल्यावर दर रविवारच्या व्हिडिओ कॉलला तू कोपऱ्यात येऊन हात हलवायचीस आणि तो म्हणायचा, "आत्या, बरी आहेस ना?" झालं. तू मला एकटीत विचारायचीस, "हात कुणी सोडला गं वहिनी?" आधी चिडवायला विचारायचीस, मग खरंच विचारायला लागलीस. मी म्हणायचे, "सांगेन गं त्याला, काय घाई आहे? फोनवर नको, तो आला की समोर बसून सांगते." दिवाळीत तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी स्वतःच चकल्यांचा डबा घेऊन आलीस. तू त्याला स्वतः का सांगितलं नाहीस? एका वाक्यात मोकळी झाली असतीस. मला खोटं पाडलं नाहीस, या उपकाराचं मी काय करू आता?

हॉस्पिटलमध्ये तुझा हात गार होता. नॉर्वेच्या काठावर हातमोजे काढल्यावर होता तस्साच. मी तो दोन्ही हातात घेऊन चोळायला लागले. तिथे त्या पोरीने दाखवलं होतं ना, बोटांपासून मनगटाकडे, तसं. येईल ऊब, येईल, असं मी बडबडत होते म्हणे. बऱ्याच वेळाने नर्स माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, सोडा आता." मी सोडेना. तुझ्या दादाने माझी बोटं सोडवली, एकेक.

अनिकेत तिसऱ्या दिवशी पोचला. तुझा चेहरा त्याला मिळाला नाही. तुझ्या घरी गेला, परातीतली सुकलेली मेथी बघून तिथेच खाली बसला. मला म्हणाला, "मी तिच्याशी नीट बोललोच नाही गं आई." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बघ, केवढी धीट मी!

दहाव्याला रामकुंडावर मनाशी ठरवून गेले होते. कावळा शिवणार नाही, सगळे एकेक कबूल करतील, तरी शिवणार नाही, मग मी पुढे होऊन सगळ्यांसमोर सांगेन. तुझी इच्छा काय राहिली होती ते मलाच ठाऊक होतं ना. गुरुजींनी पिंड ठेवून दोन पावलं मागे घेतली नाहीत तोवर कावळा येऊन घास घेऊन गेला. लोक म्हणाले, बाई तृप्त गेली. तू कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाहीस, मेल्यावर तरी कशी ठेवशील? आता मला बोलायला लावणारं कुणीच उरलं नव्हतं.

तेरावा काल मळ्यावर झाला. आज सकाळी अनिकेत विहिरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसला होता, तू बसायचीस त्याच पायरीवर. परवा त्याचं विमान. मी शेजारी बसले आणि सांगितलं. श्वास कोंडला ते सांगितलं, हिसका सांगितला, बोटं सोडवली ते सांगितलं. वाळूचंही सांगितलं, चौतीस वर्षांपूर्वीच्या चिखलाचंही.

तो पाण्याकडे बघत होता. "अकरा महिने, आई?" एवढंच म्हणाला. आवाज बारीक झाला होता, तुझ्यासारखा. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. उठला, शर्ट काढला आणि सरळ सूर मारला. उन्हाळ्याचं पाणी, जेमतेम दोन पुरुष खोल, पण तो एवढा वेळ वर येईना की मी उठून उभी राहिले. मग आला. दम टाकत पायऱ्या चढला, मूठ माझ्यासमोर धरून उघडली. काळाभोर चिखल, बोटांमधून पाणी निथळतंय. आणि कुंदा, माझा हात आपोआप पुढे झाला. तळवा वर करून. अर्धा घ्यायला.

त्याने माझ्या हाताकडे बघितलं. मग वाकून सगळा चिखल तुझ्या पायरीवर ठेवला.

"तुझा तू आण," म्हणाला आणि ओल्या पायांनी घराकडे गेला.

मी दुपारपर्यंत तिथेच होते. आता ओट्यावर बसून हे लिहितेय. तुझ्या दादाला सगळं सांगितलं. त्याने माळ्यावरून जुना दोर काढून आणला आणि आता त्याला जागोजागी ओढून बघतोय. "छप्पन्न वर्षांची तू. पाठ दुखती. उतरलीच पायजे का?" म्हणून एकदा विचारलं. मी हो म्हणाले. "मंग मी धरतो," म्हणाला. अनिकेत घरात आहे. खिडकीतून त्याची पाठ दिसते, बॅग भरतोय की नुसता बसलाय ते कळत नाही.

मला भीती वाटतेय, कुंदा. हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगतेय. कान दुखतील, छाती भरेल, अर्ध्यातून वर यावंसं वाटेल आणि खाली जाऊन अर्धा चिखल घेऊन येणारी तू नसशील. आज नाही जमलं तर उद्या उतरेन. पोराचं विमान गेलं तरी उतरेन, तुझा दादा दोर धरून आहे तोवर उतरत राहीन. आणि मुठीत चिखल आला की त्यातला अर्धा तुझ्या पायरीवर ठेवीन.